आयफोन की अँड्रॉइड? आधी वर्षं मोजा

"आयफोन घेऊ की अँड्रॉइड?" हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा दोन फोनांची तुलना चालली आहे असं वाटतं. खरं तर आयफोन हा एका कंपनीचा फोन आहे आणि अँड्रॉइड हा फोनच नाही. ती फोन चालवणारी प्रणाली आहे. गूगलने अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी २००५ मध्ये विकत घेतली आणि २००८ मध्ये त्या प्रणालीवरचा पहिला फोन बाजारात आला. आज सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, मोटोरोला आणि खुद्द गूगल असे कितीतरी उत्पादक तीच प्रणाली घेऊन, तिच्यावर आपापला साज चढवून फोन विकतात. म्हणून "अँड्रॉइड हँग होतो" हे वाक्य दहा हजारांच्या फोनबद्दल खरं असेल, पण लाखाच्या फोनबद्दल ते लागू पडत नाही. "आयफोन महाग असतो" म्हणतानाही आपण बहुतेक वेळा त्याची तुलना चौथाई किमतीच्या फोनशी करत असतो. तुलना करायचीच तर सारख्या किमतीच्या फोनांची करावी. नाहीतर जितकी वर्षं अपडेट मिळतील तितक्यांनी किंमत भागून दर वर्षाचा खर्च काढावा. मला दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो.

त्यासाठी अपडेट कसे येतात ते समजून घ्यायला हवं. फोनच्या प्रणालीत सतत नवनव्या त्रुटी सापडत असतात. त्यांतल्या काही इतक्या गंभीर असतात की त्यांचा फायदा घेऊन कुणीही तुमच्या फोनमध्ये शिरू शकतं. अ‍ॅपल चिप, प्रणाली आणि फोन या तिन्ही गोष्टी स्वतः ठरवते, त्यामुळे दुरुस्ती तयार झाली की ती एकाच दिवशी जगभरातल्या पात्र आयफोनांवर पोहोचते. अँड्रॉइडचा रस्ता लांबचा आहे. गूगल वेळोवेळी सुरक्षा दुरुस्त्या जाहीर करतं. त्यानंतर क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारख्या चिप कंपनीने आपला भाग जुळवायचा, फोनच्या कंपनीने तो आपल्या साजात बसवायचा, प्रत्येक मॉडेलवर तपासायचा आणि मग पाठवायचा. यातला प्रत्येक टप्पा खर्चाचा आहे. फोन एकदा विकून झाल्यावर त्यातून उत्पादकाला फारसं काही मिळत नाही, म्हणून स्वस्त मॉडेल लवकर वाऱ्यावर सोडली जातात.

आयफोन ६एस २०१५ मध्ये आला आणि आयओएस या आयफोनच्या प्रणालीच्या ९ पासून १५ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्या त्याला मिळाल्या. त्या काळात अँड्रॉइड फोनला दोन-तीन वर्षं मिळाली तरी लोक खूश असत. आयफोनची बाजू तेव्हा या एका मुद्द्यावर निर्विवाद वरचढ होती. पुढे चित्र बदललं. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ साठी सात-सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षं देऊ केली.

आता हिशेब मांडू. ए१६ ५जी भारतात साधारण १९,००० रुपयांना आला. सहा वर्षांनी भागलं तर वर्षाला जेमतेम ३,२०० रुपये. आयफोन १६ई २०२५ मध्ये ५९,९०० रुपयांना आला. अ‍ॅपल वर्षांचा आकडा आधीच छातीठोकपणे सांगत नाही, पण आजवरचा अनुभव पाहून सहा वर्षं धरली तर वर्षाला १०,००० होतात. आणि समजा बारा हजारांचा एखादा फोन, ज्याला सुरक्षा दुरुस्त्या दोनच वर्षं मिळणार आहेत. त्याचा वर्षाचा खर्च ६,००० रुपये. म्हणजे दुकानात सगळ्यात स्वस्त दिसलेला फोन वर्षाच्या हिशेबात ए१६च्या जवळपास दुप्पट महाग पडला.

या हिशेबाला दोन पुरवण्या जोडायला हव्यात. पहिली फार कमी दुकानदार सांगतात: ही वर्षं तुम्ही फोन घेतल्यापासून मोजत नाहीत, तर तो बाजारात आल्यापासून मोजतात. दिवाळीच्या सेलमध्ये एखादं मॉडेल अर्ध्या किमतीत दिसतं तेव्हा ते दोन वर्षांपूर्वीचं असू शकतं आणि त्याची दोन वर्षं आधीच सरलेली असतात. दुसरी पुरवणी म्हणजे चिप. स्वस्त फोनला सहा वर्षं अपडेट आले तरी पाचव्या वर्षी त्याची चिप धापा टाकणार. तिथे आयफोनची किंवा महागड्या अँड्रॉइडची ताकदवान चिप खरोखर उपयोगी पडते. बॅटरी मात्र दोन्हीकडे मधे एकदा बदलावी लागेल असंच धरून चाला.

पैशांनंतरचा माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर मुद्दा म्हणजे एपीके फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर "लग्नपत्रिका", "वाहतूक चलन" किंवा "बँक केवायसी" अशा नावाने फाइल येते. ती साधी पत्रिका नसते, तो अँड्रॉइडचा अख्खा अ‍ॅप असतो. त्यावर बोट लागलं की फोन विचारतो, अज्ञात स्रोतावरून अ‍ॅप टाकायचा का? घाईत "हो" म्हटलं जातं. मग तो अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतो, आणि ती मिळाली की बँकेचे ओटीपी थेट चोराच्या हातात. आयफोनवर ही फाइल चालतच नाही, कारण ती अँड्रॉइडची असते, शिवाय तिथे अ‍ॅप फक्त अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमधून येतात. युरोपीय संघात २०२४ पासून कायद्यामुळे इतर दुकानांनाही वाट मिळाली आहे, पण तो वेगळा विषय. गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी ही एकच गोष्ट आयफोनच्या बाजूने फार वजनदार आहे असं मी मनापासून मानतो. मात्र आयफोन घेतला म्हणजे फसवणूक संपली असं मुळीच नाही. खोट्या लिंकवर पिन टाकणं किंवा "पोलिस बोलतोय" म्हणणाऱ्याला पैसे पाठवणं कुठलाच फोन रोखू शकत नाही.

घरातल्या ज्येष्ठांना अँड्रॉइडच देणार असाल तर तो हाती देण्याआधी एक काम करा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या विशेष परवानग्यांत "अज्ञात अ‍ॅप इन्स्टॉल करा" असा पर्याय असतो. तिथे व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर या तिघांपुढची परवानगी बंद आहे ना ते पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

अमेरिकेतली चर्चा वाचून इथे निर्णय घेऊ नये. तिथे आयफोनच्या मेसेजमध्ये आयफोनवाल्यांशी बोलताना निळे आणि अँड्रॉइडवाल्यांशी बोलताना हिरवे फुगे दिसतात, त्यावरून मुलांच्या मैत्रीत दुजाभाव होतो, म्हणून आयफोन घ्यावा लागतो. आपल्याकडे सोसायटीच्या ग्रुपपासून शाळेच्या नोटिशीपर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि पैसे यूपीआयवर. दोन्ही गोष्टी दोन्ही फोनांवर सारख्याच चालतात. मुलगा न्यू जर्सीला असेल आणि त्याला फेसटाइम या अ‍ॅपलच्या व्हिडिओ कॉलवरच बोलायचं असेल, तरी २०२१ पासून त्याने पाठवलेली लिंक अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्ये उघडते.

मराठीच्या बाबतीत अँड्रॉइड पुढे आहे, हे आयफोनप्रेमींनीही मान्य करावं. अँड्रॉइडचे मेनू २०१४ च्या लॉलीपॉप आवृत्तीपासून मराठीत दिसू शकतात, आयफोनमध्ये ती सोय फार उशिरा आली. गूगलच्या कीबोर्डवर बोलून, बोटाने गिरवून किंवा रोमन अक्षरांतून, हवं तसं मराठी लिहिता येतं. हा कीबोर्ड आयफोनवरही टाकता येतो, पण तो तिथे पाहुणा असतो. पासवर्डच्या चौकटीत अ‍ॅपलचाच कीबोर्ड पुढे येतो. तुम्ही रोज मराठीत लिहीत असाल तर दुकानात फोन हातात घेऊन "दुसऱ्याच्या बाळाला ऑफिसात" एवढं टाइप करून पाहा. ऱ्य, ळ आणि ऑ सहज सापडले तर ठीक.

बाकीचे फरक थोडक्यात. मेमरी कार्ड आयफोनला कधीच नव्हतं, काही स्वस्त अँड्रॉइडांत अजून आहे. इंटरनेटवर फोटो आणि बॅकअप ठेवायला फुकट जागा गूगल १५ जीबी देतं, अ‍ॅपल ५ जीबी. पाच जीबी फोटोंनी बघता बघता भरतात आणि मग दरमहा पैसे सुरू होतात. चार्जरची वायर आयफोन १५ पासून दोघांची एकच झाली. कॉल रेकॉर्डिंग आयफोनमध्येही २०२४ च्या अखेरीस आलं, पण समोरच्याला ते सुरू झाल्याचं ऐकू जातं.

एका प्रणालीतून दुसरीकडे जाणार असाल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या गप्पांचा विचार आधी करा. अँड्रॉइडचा बॅकअप गूगलकडे जातो, आयफोनचा अ‍ॅपलच्या आयक्लाउडमध्ये, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याला वाचता येत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर येताना अ‍ॅपलचा "मूव्ह टू आयओएस" हा अ‍ॅप जुन्या फोनवर टाकावा लागतो, आणि नवा आयफोन अजून सुरू करून घेतलेला नसावा लागतो. उत्साहात खोक्यातून काढून आधी सगळं सेट केलं, फोटोही टाकले आणि मग गप्पा आणायची आठवण झाली, तर फोन पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोन्ही फोन चार्जिंगला आणि एकाच वायफायवर ठेवून, घाई नसलेल्या संध्याकाळी हे काम करावं.

सेकंडहँड आयफोन घेताना तो कोणत्या वर्षी बाजारात आला ते आधी पाहा आणि उरलेली वर्षं मोजा. जुन्या मालकाने आपलं अ‍ॅपल खातं तुमच्यासमोर काढून टाकलं नाही तर पैसे देऊ नका, कारण त्या खात्यामुळे फोनला लागलेला लॉक खात्याच्या मालकाशिवाय किंवा मूळ बिलाशिवाय सुटत नाही. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासता येतो. आणि नातेवाईक अमेरिकेतून आयफोन आणणार असतील तर त्यांना तिकडे पैसे भरण्याआधीच सांगा: आयफोन १४ पासून तिथल्या मॉडेलांत सिम घालायची जागाच नाही, ते फक्त ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणाऱ्या सिमवर चालतात. तुमची कंपनी तुमचा नंबर ई-सिमवर करून देते का, हे फोन विमानात बसायच्या आधी विचारून घ्या.