मंजूर भार, पत्रिका आणि पानं

घरच्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो: एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढता येईल, ती हद्द. तो कोणी वाचत नाही. आपलं लक्ष युनिटवर. मोठ्या डेटा सेंटरचा, म्हणजे हजारो सर्व्हर (सेवा पुरवणारे संगणक) ठेवलेल्या इमारतीचा, जीव मात्र याच रकान्यात अडकलेला असतो, आणि हे ध्यानात यायला बराच काळ गेला.

आधी बोलबाला होता थंडाव्याचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2007 साली तिथल्या काँग्रेसला अहवाल दिला: देशातली डेटा सेंटर आणि सर्व्हर यांनी 2006 मध्ये सुमारे 61 अब्ज युनिट वीज खाल्ली, एकूण वापराच्या दीड टक्का. त्याच सुमारास ‘ग्रीन ग्रिड’ या उद्योगसंघाने पीयूई हे माप रूढ केलं. इमारतीत आलेली वीज भागिले संगणकांपर्यंत पोचलेली वीज. उत्तर 2 आलं, तर जेवढी संगणकांना तेवढीच एसी, यूपीएस वगैरेंच्या पोटात. माप सोपं, म्हणून चाललं. पण त्यात एक गोम आहे: नुसता बसून असलेला सर्व्हरही त्यात कामावर धरला जातो.

माझ्या मते खरी कलाटणी दिली ती गूगलमधल्या फान, वेबर आणि बारोसो या तिघांच्या निबंधाने, तोही 2007 चाच. त्यांनी सुमारे सहा महिने, 15 हजारांपर्यंत सर्व्हरचा वापर तपासला. सर्व्हरच्या पाटीवरचे वॅट बघावेत, तर पूर्ण जुंपल्यावरही तो त्याच्या 60 टक्क्यांपर्यंत जात नव्हता. शिवाय सगळी यंत्रं एकाच क्षणी धापा टाकत नाहीत. म्हणजे आहे त्याच मंजूर विजेत आणखी जवळजवळ 40 टक्के यंत्रं बसली असती. त्या काळी एका वॅटची सोय उभारायला 10 ते 20 डॉलर लागत, आणि तो वॅट वर्षभर वापरायचं बिल डॉलरच्याही आत. तेव्हा वाया गेलेल्या विजेपेक्षा पडून राहिलेली सोय महाग.

लग्नाच्या हजार पत्रिका गेल्या, तरी जाणता आचारी सातशे पानांचाच अंदाज धरतो. तसंच इथे सुरू झालं: कागदावर मावतील त्याहून जास्त सर्व्हर. पण सगळेच आले तर? त्यासाठी फेसबुकने ‘डायनॅमो’ नावाची यंत्रणा बसवली. भार हद्दीकडे सरकला की ती काही सेकंदांत सर्व्हरचा वेग उतरवते, ब्रेकर पडू देत नाही. 2016 च्या त्यांच्या निबंधानुसार सहा महिन्यांत असे 18 प्रसंग टळले.

एआयने हा अंदाजच मोडला. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या 72 चिपांच्या एका रॅकला (कपाटाला) सुमारे 120 किलोवॅट लागतात. मेनफ्रेम या जुन्या अजस्र संगणकांच्या काळातले, थंडाव्यासाठीचे पाण्याचे पाइप त्यासाठी परत आलेत. शिवाय मॉडेल शिकवताना हजारो चिप एकदमच जुंपतात आणि एकदमच थांबतात. लामा 3 हे आपलं एआय मॉडेल शिकवताना मेटाला, म्हणजे फेसबुकच्या कंपनीला, आढळलं, की चिप क्षणभर एकमेकींसाठी खोळंबल्या की सेंटरचा भार कित्येक दहा मेगावॅटनी खालीवर होतो आणि तो हिसका थेट ग्रिडला बसतो.