नेहमी दिसणारा शब्द आणि सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द

शब्दखेळ तयार करायला घेतला की पहिल्याच दिवशी एक यादी लागते: उत्तर म्हणून कोणते शब्द ठेवायचे? 'प्रचलित शब्द घ्या' एवढं सांगून काम भागत नाही. प्रचलित म्हणताना आपण दोन निराळ्या गोष्टी एकाच माळेत ओवतो. एक, शब्द किती वेळा वापरला जातो. दुसरी, तो किती जणांना माहीत आहे. पहिलीला वारंवारता म्हणतात. दुसरीला इथे नुसतं 'ओळख' म्हणू. बहुतेक वेळा दोन्ही हातात हात घालून चालतात, आणि म्हणूनच त्यांची गल्लत होते.

(शब्दकोशात असणं ही तिसरी गोष्ट, पण तिच्यावर फार थांबायला नको. स्क्रॅबलच्या कॉलिन्स यादीत पावणेतीन लाखांहून अधिक इंग्रजी शब्दरूपं आहेत. ती सगळी वैध आहेत, पण त्यांतली बरीचशी कुणाच्याही तोंडी नाहीत.)

वारंवारता मोजायला सोपी, म्हणून मोहात पाडणारी. मजकुराचा मोठा साठा, म्हणजे कॉर्पस, घ्यायचा आणि संगणकाला मोजायला लावायचं. इंग्रजीच्या ब्राउन कॉर्पसमध्ये 1961 साली अमेरिकेत छापलेल्या मजकुराचे 500 नमुने आहेत, मिळून सुमारे दहा लाख शब्द. अशा कुठल्याही साठ्यात मूठभर शब्द निम्मी जागा अडवतात, आणि वेगवेगळ्या शब्दांपैकी निम्म्याच्या आसपास शब्द एकदाच येऊन जातात. यादीचा वरचा भाग त्यामुळे भरवशाचा असतो. खाली मात्र एकदा आलेला शब्द आणि तीनदा आलेला शब्द यांच्यातला फरक बराचसा योगायोगाचा असतो. आणि खेळाला लागणारे गमतीदार शब्द नेमके तिथेच असतात.

'उचकी' घ्या. जांभई, गुदगुल्या, कोपर, टाचणी, भोवरा हेही त्यातलेच. पहिलीतल्या मुलालाही हे ठाऊक असतात. पण बातम्या, अग्रलेख, सरकारी पत्रकं यांचा ढीग उपसला तर उचकी कितीदा सापडेल? कुणाला उचकी लागली याची बातमी होत नाही. उलट 'अधिसूचना', 'तरतूद', 'निविदा' पानोपानी भेटतील. फक्त आकड्यांवर विसंबून यादी केली तर खेळाला कचेरीचा वास येतो. वारंवारता सांगते की लिहिणाऱ्यांना कशाबद्दल लिहावं लागलं. वाचणाऱ्याच्या डोक्यात काय आहे, ते ती फक्त आडून सुचवते.

साठा बदलला की चित्र सुधारतं. 2009 साली चित्रपट आणि मालिकांच्या सबटायटल्समधल्या सुमारे 5 कोटी 10 लाख शब्दांवरून इंग्रजीची नवी वारंवारता काढली गेली. लोक शब्द किती झटकन ओळखतात, याचा अंदाज तिच्यावरून ब्राउन कॉर्पसपेक्षा चांगला बांधता आला. संवादांत माणसं शिंकतात, दार आपटतात, रुसतात. शिवाय शब्द एकूण किती वेळा आला यापेक्षा तो किती वेगवेगळ्या चित्रपटांत आला हे मोजणं जास्त उपयोगी पडतं. एकाच कथेत दोनशे वेळा आलेला शब्द नुसत्या बेरजेत उगाच मोठा दिसतो.

मराठीत मोजणीचाच एक वेगळा घोळ आहे. 'जीभ' हा शब्द मजकुरात जीभ म्हणून जितका येतो, त्याहून जिभेवर, जिभेला, जिभेची असा विखरून येतो. सामान्यरूपात ऱ्हस्व-दीर्घही बदलतं, त्यामुळे 'जीभ'ने सुरू होणारे शब्द शोधूनही ही रूपं हाती लागत नाहीत. विहीर-विहिरीत, फूल-फुलाला यांचंही तेच. सगळी रूपं मूळ शब्दाच्या खात्यावर जमा केल्याशिवाय मराठीची वारंवारता-यादी खेळासाठी निरुपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यात मोबाइल आणि मोबाईल अशी दोन लेखनं असली की एकाच शब्दाचे दोन अर्धे शब्द होतात.

आता ओळख. ती मजकुरातून मिळत नाही, माणसांना विचारावी लागते. वर्डल हा रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ. तो तयार करणाऱ्या जॉश वॉर्डल यांनी तेच केलं. पाच अक्षरी इंग्रजी शब्द बारा हजारांच्या घरात होते. त्यांतले कोणते ओळखीचे, हे त्यांच्या जोडीदार पलक शहा यांनी ठरवलं आणि उत्तरांसाठी अडीच हजारांच्या आसपास शब्द उरले. बाकीचे अंदाज म्हणून टाइप करता येत, पण उत्तर म्हणून कधी येत नसत. मला या व्यवस्थेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते. 'हा शब्द चालेल का' आणि 'हा शब्द ओळखायला लावणं रास्त आहे का' हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आणि त्यांना दोन याद्या दिल्या.

पण एका माणसाची ओळख म्हणजे सगळ्यांची ओळख नव्हे. 2022 च्या सुरुवातीला न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतला आणि 'अगोरा' (प्राचीन ग्रीक शहरातला चौक) यासारखे काही शब्द उत्तरांतून काढले. त्याच वर्षी मे महिन्यात 'होमर' (बेसबॉलमधली 'होम रन') हे उत्तर आलं. बेसबॉल पाहणाऱ्या अमेरिकनांना तो रोजचा शब्द, तर ब्रिटनमधले खेळाडू वैतागले. इतक्या लोकांनी तो केंब्रिज डिक्शनरीत शोधला की त्या कोशाने त्याला 2022 चा 'वर्षाचा शब्द' ठरवलं. अमेरिकी मजकुरावर केलेल्या मोजणीला यात काहीच खटकलं नसतं.

मग किती जणांना विचारायचं? 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे 62,000 इंग्रजी शब्द 2 लाख 20 हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवले होते. प्रत्येकाला शंभर नोंदी दाखवायच्या आणि विचारायचं: हा शब्द माहीत आहे का? त्यांतल्या साधारण एक तृतीयांश नोंदी बनावट होत्या, कारण माणसं ऐटीत 'हो' म्हणून मोकळी होतात. मराठीत 'झिरूळ' किंवा 'कोमटण' मध्येच पेरले आणि कुणी त्यांनाही 'माहीत आहे' म्हटलं, तर त्याच्या बाकीच्या होकारांची किंमत कमी धरायची. लहान खेळासाठी लाखो लोक नकोत. पण वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या कामांतली वीस-तीस माणसं आणि थोडे बनावट शब्द एवढं तरी हवंच.

म्हणजे वारंवारता टाकून द्यायची का? मुळीच नाही. समोर आलेला शब्द ओळखणं वेगळं आणि दोन-तीन अक्षरं हाताशी असताना तो स्वतःहून आठवणं वेगळं. क्वचित वापरात येणारा शब्द ओळखीचा असूनही उशिरा सुचतो, आणि इथे वारंवारता कामाची आहे. शब्द उत्तरांत ठेवायचा की नाही हे ओळखीवरून ठरवावं, तो सोप्या सोमवारी द्यावा की अवघड रविवारी हे वारंवारतेवरून. 'भोवरा' माझ्या यादीत नक्की असेल, पण अवघड दिवशी. हजारो शब्दांमधून पहिली निवड करायलाही वारंवारताच गाळणी म्हणून चालते. फक्त तिची भोकं मोठी ठेवावीत, नाहीतर उचकी तिथेच अडकते.

स्पेलिंग बीसारख्या खेळात गोष्ट आणखी अवघड होते. तिथे दिलेल्या सात अक्षरांतून जमतील तितके शब्द शोधायचे असतात, आणि एकाच यादीला दोन्ही कामं करावी लागतात. आपल्याला माहीत असलेला शब्द नाकारला की खेळाडू चिडतो. कधी न ऐकलेला शब्द यादीत असेल तर सगळे शब्द शोधणं अशक्य होतं, आणि तो पुन्हा चिडतो. यावर उपाय आहे: अपरिचित शब्द सापडला तर गुण द्यायचे, पण पूर्णतेसाठी तो मोजायचा नाही. थोडक्यात, पुन्हा दोन याद्या.

शब्दकोड्यात सूचनेमुळे आणखी एक फाटा फुटतो. 'पण' मराठीतल्या सर्वाधिक येणाऱ्या शब्दांपैकी आहे, पण ती सगळी मोजणी उभयान्वयी 'पण'ची. सूचना 'प्रतिज्ञा, पैज' अशी असेल तर विचारला जातोय तो दुर्मीळ शब्दच. अक्षरं जुळवण्याच्या खेळात मात्र या भेदाची फिकीर नको.

सर्वांत जास्त वाद होतात ते मधल्या शब्दांवर. दहापैकी सहा-सात जण 'हो' म्हणतात, असे शब्द. तिथे नुसता आकडा पाहू नये, 'नाही' कोण म्हणतंय ते पाहावं. 'दौत' (शाईचं भांडं) आणि 'टाक' (शाईत बुडवून लिहायची लेखणी) हे शब्द साठीच्या पुढच्या सगळ्यांना माहीत आणि विशीतल्यांना जवळजवळ नाही, असं निघालं, तर सरासरी काहीही असो, तरुणांसाठीच्या खेळात ते उत्तर म्हणून नकोत. नकार सगळ्या वयांत सारखे विखुरलेले असतील, तर एखाद्या अवघड दिवशी तो शब्द ठेवून पाहायला हरकत नाही.