अडकलेली किडनी आणि वाट चुकलेल्या पेशी

आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचं इरफान खानने २०१८मध्ये जाहीर केलं, तेव्हा ‘न्यूरो’ म्हणजे दर वेळी मेंदू नव्हे, हेही त्याला सोबत लिहावं लागलं. तो गैरसमज अजून पुरता गेलेला नाही. या गाठी ज्या पेशींपासून होतात त्या स्वभावाने अर्ध्या चेतापेशी आणि अर्ध्या ग्रंथी: इशारा मिळाला की संप्रेरक सोडायचं. आतडं, फुप्फुस, स्वादुपिंड इथे त्या विखुरलेल्या असतात. किडनीच्या गाभ्यात मात्र त्या सहसा सापडतच नाहीत. तरीही किडनीत अशी गाठ झाल्याची नोंद १९६६मध्ये झाली, आणि पुढच्या नोंदींमध्ये जन्मतः वेगळ्या घडणीच्या किडन्या पुन्हा पुन्हा दिसू लागल्या. त्यातही घोड्याच्या नालासारखी किडनी.

हा नाल तयार कसा होतो, ते मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही किडन्या ओटीपोटात, एकमेकींना जवळजवळ खेटून असतात. नवव्या आठवड्यापर्यंत त्या कमरेच्या वर पोचतात. ‘चढतात’ हा सोयीचा शब्द. खरं तर गर्भाचा खालचा भाग झपाट्याने लांबत जातो आणि किडन्या वरच राहतात. त्या वर सरकतात तशी महाधमनीतून त्यांना नवी रोहिणी फुटते आणि खालची जुनी विरून जाते. शिडीची वरची पायरी धरायची, खालची सोडायची. याच प्रवासात किडनी सुमारे ९० अंशांत वळते आणि पोटाकडे असलेली तिची खाच मणक्याकडे येते.

साधारण ४०० ते ५०० माणसांत एकाच्या किडन्यांची टोकं, बहुधा खालची, यादरम्यान जुळून जातात. मग मधला पूल चढता चढता महाधमनीतून आतड्याकडे जाणाऱ्या खालच्या रोहिणीला अडतो. प्रवास थांबतो, वळणं अर्धवट राहतं, शिडीच्या जुन्या पायऱ्याही कधी कधी तशाच राहतात. हे सगळं घडतं तेव्हा गरोदर असल्याचं आईला नुकतंच कळलेलं असतं. तिने कुठलं ग्रहण पाहिलं याची चौकशी करणाऱ्यांनी निदान तिला तरी सोडावं.

अशा किडनीत या गाठीचा धोका ६२ पट, असा हिशोब १९९७मध्ये मांडला गेला. आकडा बातमीच्या मथळ्याला छान शोभतो. पण ६२ पट कशाच्या? जवळजवळ शून्याच्या. नालाकृती किडनी घेऊन जगणाऱ्या बहुतेकांना ती आहे हेही कळत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती दिसते.

मग या पेशी येतात कुठून? एक तर्क असा की जुळणीच्या गडबडीत भलत्याच आदिम पेशी आत अडकल्या. दुसरा असा की लघवी साचून सतत दाह होत राहिल्याने किडनीच्या पोकळीचं अस्तर आपली जात बदलतं. कधी ही गाठ टेराटोमा या, आदिम पेशींपासूनच होणाऱ्या मिश्र गाठीत सापडते. त्यामुळे पहिला तर्क मला जास्त पटतो.

ओळख पटते ती सूक्ष्मदर्शकाखाली. पेशी फितींसारख्या ओळीत मांडलेल्या, केंद्रकं जवळपास एकसारखी. सिनॅप्टोफायसिन हे चेतापेशींच्या संदेश-पुटिकांच्या आवरणातलं प्रथिन. त्याच्या चाचणीत या पेशी रंगल्या की ‘न्यूरो’ या उपसर्गाचा अर्थ डोळ्यांना दिसतो. मात्र गाठ इथलीच की आतड्यातून आलेली, हे पाहायला या पेशींवरच्या, सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या ग्राहकांना चिकटणाऱ्या औषधाला किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडून पेट स्कॅन करतात, आणि तिथे नवीच अडचण उभी राहते: ते औषध गाळून पुन्हा शोषून घेण्याचं काम किडनीच करते, त्यामुळे निरोगी किडनीही झगझगीत दिसते. बाकीचं शरीर तपासायला स्कॅन उत्तम, पण खुद्द किडनीतली गाठ त्या उजेडात हरवू शकते.

गाठ सहसा सावकाश वाढते, तरी लसिकाग्रंथींत पसरू शकते, म्हणून मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. आणि पूल कापण्याआधी सर्जन सीटी अँजिओग्राफीत आधी शोधतो त्या शिडीच्या न विरलेल्या पायऱ्या: कुठली रोहिणी कुठून आली आहे, आणि किती आहेत.