‘हिंदू विकासदर’ : धर्म आणि सुबत्तेच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन मार्च २०२३ मध्ये एका मुलाखतीत म्हणाले की, भारताची वाढ ‘हिंदू विकासदरा’च्या धोका वाटावा इतकी जवळ येऊन ठेपली आहे. स्टेट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी लगोलग आकडे मांडून हे म्हणणे खोडून काढले. तिमाही आकड्यांवरचा तो वाद लवकरच विरला. पण अर्थव्यवस्थेच्या दराला धर्माचे नाव चिकटले कसे, हे पाहण्याजोगे आहे. त्याची मुळे शोधत गेले की दिल्लीवरून जर्मनीत जावे लागते, आणि एक मूळ आपल्या पुण्यातही सापडते.

हे नाव दिले राज कृष्ण यांनी, १९७८ च्या सुमारास. ते दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक, शेती अर्थशास्त्रातले जाणकार, काही काळ योजना आयोगाचे सदस्य. १९५० नंतरच्या तीन दशकांत भारताचे राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी वाढत होते. दुष्काळ पडो, युद्ध होवो, सरकार बदलो, आकडा घुटमळायचा तिथेच. लोकसंख्या दोन टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत असल्याने माणशी वाढ जेमतेम सव्वा टक्क्याच्या आसपास उरायची. राज कृष्ण यांच्या बोलण्यात उपरोध होता आणि रोख होता तो धोरणांवर. पण ऐकणाऱ्यांनी त्यातून वेगळाच अर्थ घेतला : कर्मफळावर श्रद्धा ठेवणारा, ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणणारा समाज पैशाच्या मागे धावणार कसा?

हे स्पष्टीकरण सोयीचे होते, कारण त्यात परवाना देणारा, आयात अडवणारा, व्यापाराकडे संशयाने पाहणारा कुणीच दोषी ठरत नव्हता. दोष तीन हजार वर्षांच्या श्रद्धेचा! पण आकड्यांनी साथ दिली नाही. १९८० च्या दशकात हाच देश साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढला, आणि २००३ नंतरची काही वर्षे आठ टक्क्यांच्या घरात. या काळात लोक कमी धार्मिक झाले असे कोण म्हणेल? पंढरीची वारी वाढली, शिर्डीच्या रांगा वाढल्या, तिरुपतीची हुंडी वाढली. मागे जावे तर कोडे आणखी घट्ट होते. आर्थिक इतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अंदाजानुसार १७०० साली जगाच्या उत्पन्नात भारताचा वाटा २४ टक्क्यांच्या आसपास होता, १९५० साली तो ४ टक्क्यांवर आला. इंग्रजी अमलाच्या शेवटच्या अर्धशतकात वाढीचा दर एक टक्क्याच्या आसपास रेंगाळत होता. त्या मानाने बदनाम झालेले साडेतीन टक्के ही झेपच म्हणायची. शेजारी पाकिस्तानची अर्थव्यवस्था १९६० च्या दशकात सहा टक्क्यांहून वेगाने वाढली. त्याचे श्रेय तेव्हा कुणी इस्लामला दिले नाही.

मग हा विचार आला कुठून? जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांवर दोन दीर्घ निबंध छापले. सुरुवात अगदी कोरड्या निरीक्षणाने होते : बाडेन प्रांतात भांडवलाचे मालक, वरच्या दर्जाचे कुशल कामगार आणि तांत्रिक शिक्षण घेणारी मुले यांत प्रोटेस्टंट जास्त, कॅथलिक कमी. का? वेबर यांचे उत्तर असे. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या शिकवणीनुसार कुणाला मोक्ष मिळणार हे ईश्वराने आधीच ठरवून टाकले आहे, आणि ते माणसाला कळण्याचा मार्ग नाही. ही टांगती अवस्था सोसवेना, तेव्हा श्रद्धाळू माणूस आपल्या व्यवसायातल्या यशात ईश्वरी कृपेची खूण शोधू लागला. कष्ट हे कर्तव्य आणि चैन हे पाप. कमावलेले उधळायचे नाही म्हटल्यावर ते परत धंद्यात जाणार, दुसरीकडे जाईल कुठे?

वेबर यांनी पुढे हीच मोजपट्टी घेऊन चीन आणि भारताकडे पाहिले. हिंदू आणि बौद्ध धर्मांवरचा त्यांचा अभ्यास १९१६-१७ मधला. जिथे धंदा किंवा कामाची पद्धत बदलल्याने विटाळाची भीती, तिथे आतून औद्योगिक क्रांती उगवणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. वेबर सावध लेखक होते. सगळे श्रद्धेनेच घडते असे आपण म्हणत नाही, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या मागून आलेल्यांनी हा सावधपणा सोडला. स्वातंत्र्यानंतर भारताच्या मागासपणावर लिहिणाऱ्या कितीतरी परदेशी अभ्यासकांनी ‘पारलौकिक वृत्ती’ हे कारण हातासरशी वापरले.

वेबर यांच्या मांडणीला धक्के कमी बसले नाहीत. दुहेरी नोंदीची हिशेबपद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केली ती लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने, प्रोटेस्टंट पंथाला जन्म देणारे बंड ल्यूथरने करण्याच्या तेवीस वर्षे आधी. युरोपच्या मुख्य भूमीवर सगळ्यात आधी कारखानदारीत शिरलेला बेल्जियम कॅथलिक. एकेकाळी शेतकऱ्यांचा म्हणून ओळखला जाणारा कॅथलिक बव्हेरिया आज जर्मनीतल्या श्रीमंत प्रांतांत मोडतो. पण सगळ्यात मौजेची गत झाली कन्फ्यूशियसची. वेबर यांच्या मते चीनमधल्या कन्फ्यूशियन परंपरेत भांडवलशाहीला पोषक असे काही नव्हते. १९८० च्या दशकात तैवान, दक्षिण कोरिया, हाँगकाँग, सिंगापूर झपाट्याने वर आले, तेव्हा त्याच परंपरेतली शिस्त, काटकसर आणि शिक्षणाची ओढ यांना श्रेय मिळू लागले. ग्रंथ तेच होते, आकडे तेवढे बदलले.

आपल्याकडेही ग्रंथातून हवे ते काढता येते. ‘ठेविले अनंते’ म्हणणाऱ्या तुकोबांनीच ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ असे सांगितले. कमवा, पण चोख व्यवहाराने, आणि खर्चताना त्यात मन गुंतवू नका. हे वेबर यांच्या कॅल्व्हिनपंथीयाच्या तोंडी घातले तरी खपून जाईल. तुकोबा स्वतः वाण्याच्या घरचे, घरात सावकारी. दुष्काळात सगळे बुडाले. समर्थांचे ‘आधीं प्रपंच करावा नेटका’ आहेच.

न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर लिहिताना संतांची तुलना सोळाव्या शतकातल्या युरोपीय प्रोटेस्टंट सुधारकांशी केली, म्हणजे वेबर यांच्या निबंधांच्याही चार वर्षे आधी. रानडे यांना संतांच्या चळवळीतून राष्ट्र घडलेले दिसले, कारखाने नव्हेत. अर्थकारणावर बोलताना, १८९२ च्या डेक्कन कॉलेजमधल्या व्याख्यानात, त्यांचा भर होता तो सरकारने उद्योगांना हात देण्यावर. धर्मसुधारणेचा कळवळा असलेला हा माणूस गरिबीचे सगळे खापर धर्मावर फोडत नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच्या आधी, १८४८ पासून, लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून शतपत्रे लिहिली. घोकंपट्टीला विद्या समजणाऱ्या, जगात काय चालले आहे याची गंधवार्ता नसलेल्या भटा-ब्राह्मणांवर त्यांनी कोरडे ओढले. पण या प्रश्नाचा गाभा हाती लागला तो महात्मा फुले यांच्या. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्याच्या पहिल्याच प्रकरणात जन्मापासून मरणापर्यंत, आणि मेल्यानंतरही, धर्मविधींच्या निमित्ताने शेतकऱ्याच्या घरातून पैसा कसा बाहेर जातो याचा पाढा आहे. मात्र फुले तिथे थांबत नाहीत. शेतसारा, सरकारी नोकरशाही, सगळ्यांचा हिशेब मांडतात. आणि प्रारंभीच्या त्या प्रसिद्ध ओळींत कारणांची साखळी लावतात : विद्येविना मती गेली, मतीविना नीती, नीतीविना गती, गतीविना वित्त, आणि वित्ताविना शूद्र खचले. या साखळीत वित्त शेवटी येते आणि पहिली कडी विद्या आहे. शेतकऱ्याची देवावर किती श्रद्धा, हा फुले यांचा सवाल नव्हता. धर्माच्या नावाने त्याला शाळेबाहेर कुणी ठेवले, हा होता.

याच दशकांतली एक सरकारी नोंदही बोलकी आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले आणि दंगे पसरले. रयत लग्नकार्यात पैसा उधळते म्हणून कर्जात बुडते, हे साहेबांचे आणि सावकारांचे आवडते मत. चौकशी आयोगाने मात्र या कारणाला उगाच जास्त महत्त्व दिले गेल्याचे म्हटले. लग्नातल्या जेवणावळींवर आजही असेच बोट ठेवले जाते.

फुले यांनी दाखवलेली कडी मुंबईच्या गिरण्यांत उघडी दिसते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली. पुढे रत्नागिरी, सातारा, घाटावरून माणसे आली आणि यंत्रावर उभी राहिली. हिंदू माणूस कारखान्याच्या शिस्तीला जुमानणार नाही, हे भाकीत सपशेल पडले. अमेरिकी इतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ च्या अभ्यासात ते दाखवून दिले. पण एका खात्याचे दार बंद राहिले. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार इतर बऱ्याच खात्यांपेक्षा चांगला. तिथे कांडी बदलताना धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने ओठ लावलेला धोटा दुसरा कसा वापरणार? या कारणावरून दलितांना तिथे मज्जाव होता. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याचा प्रश्न लावून धरला. जातिव्यवस्था ही श्रमांची नुसती विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी १९३६ मध्ये लिहिले, त्यामागे साचेखात्यासारखे अनुभव होते. कौशल्य असलेला हात जास्त पगाराच्या यंत्रापर्यंत पोचू न देणे, याचा तोटा त्या माणसाला होतो तसा उत्पादनालाही.

मग पारशी धंद्यात पुढे गेले ते कसे? झरतुष्ट्राच्या शिकवणीत भांडवलशाहीचे बीज शोधणारे लेख अधूनमधून दिसतात. मला ते पटत नाहीत. पारशी इराणात झरतुष्ट्राचेच भक्त होते आणि तिथे त्यांची अवस्था हलाखीची होती. इथे त्यांच्यावर खाण्यापिण्याची, समुद्र ओलांडण्याची जातबंधने नव्हती. लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून जहाजे बांधायला मुंबईत आले, तेव्हापासून ईस्ट इंडिया कंपनीशी संबंध होते, आणि इंग्रजी शिक्षण लवकर आले. चीनच्या अफू व्यापारातही त्यांचा मोठा वाटा होता, तेव्हा नीतीचे गोडवे जरा बेतानेच गावेत. इंग्लंडमधल्या क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाचेही असेच. बार्कलेज, लॉइड्स, कॅडबरी ही सगळी क्वेकर कुटुंबांची नावे. सरकारी पदे आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्यांना दीर्घकाळ बंद होती. मग धंद्याखेरीज उरले काय?

अलीकडच्या संशोधनाचा कल याच दिशेने आहे. साशा बेकर आणि लुडगर वोसमान या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियाच्या जिल्ह्यांची आकडेवारी तपासली. प्रोटेस्टंट जिल्हे पुढारलेले खरेच, पण साक्षरतेचा फरक लक्षात घेतला की धर्माचा असा वेगळा परिणाम फारसा उरत नाही. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे असा ल्यूथरचा आग्रह. त्यासाठी शाळा निघाल्या, मुलींच्याही. वाचायला शिकलेला माणूस मग करारही वाचू लागला. विद्येविना वित्त गेले, याचीच ही उलटी बाजू. अर्थतज्ज्ञ तैमूर कुरान यांनी मध्यपूर्वेविषयी मांडलेला मुद्दाही श्रद्धेचा नसून कायद्याचा आहे. इस्लामी वारसा कायद्यात मालमत्ता अनेक वारसांत वाटली जाई आणि भागीदार मेला की भागीदारी संपे. मध्ययुगात हा कायदा तसा न्याय्यच होता, पण त्यामुळे मोठ्या आणि टिकाऊ कंपन्या उभ्या राहणे अवघड झाले.

आपल्या धर्मशास्त्राचेही असेच एक कलम होते. एकत्र कुटुंबाच्या पैशावर शिकून वकील झालेल्या माणसाची कमाई त्याची की कुटुंबाची? जुन्या न्यायनिर्णयांनुसार कुटुंबाला तीवर हक्क सांगता येई. मुकुंदराव जयकरांनी पाठपुरावा केलेल्या १९३० च्या कायद्याने ती कमावणाऱ्याची ठरली. मुलींची पाळी यायला आणखी सहा दशके लागली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांना मुलाइतका हक्क दिला; देशभर तो २००५ मध्ये आला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कुटुंबांची माहिती घेऊन १९९४ च्या दुरुस्तीचा परिणाम अर्थतज्ज्ञांनी तपासला आहे. मुलींना जमीन वारशाने मिळण्याची शक्यता वाढली, पण मुलांइतकी नाही. शाळेत त्या जास्त वर्षे राहू लागल्या आणि त्यांचे लग्नाचे वय पुढे गेले. घरातले देव, उपासतापास, श्रावणातली पूजा यांपैकी कशालाही या दुरुस्तीने हात लावला नव्हता.