गगनबावड्याच्या उतारावर ५४ लाख जूल

भाच्यानं सेकंडहँड हॅचबॅक घेतली आणि आठवड्याच्या आत फर्माईश आली. "मामा, पुढच्या स्प्रिंगा एकेक वेढा कापूया आणि ब्रेकच्या मोठ्या डिस्क टाकूया. गाडी जागच्या जागी थांबतीय बघा." अंगण होतं, जॅक होता, पान्यांची पेटी होती, रविवारही होता. पण ग्राइंडर हातात घेण्याआधी मी त्याला वही आणायला लावली.

गाडीचं वजन ११०० किलो, टायरमध्ये ३२ ची हवा. वजनाला हवेच्या दाबानं भागलं की रस्त्याला टेकलेल्या रबराचं क्षेत्रफळ साधारण कळतं. चारही चाकांचं मिळून ते ५०० चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. झेरॉक्सचा ए-फोर कागद याहून मोठा असतो. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला तळहाताएवढा तुकडा, आणि गाडीचं वळणं-थांबणं सगळं त्याच्या भरवशावर. आत्ताचे ब्रेक कचकन दाबल्यावर चाक जागीच अडत असेल किंवा चाक अडू न देणारी एबीएस यंत्रणा थरथरत असेल, तर टायरची पकड तिथं संपलेली असते. डिस्क ताटाएवढी बसवली तरी त्या पहिल्या थांब्याचं अंतर कमी होत नाही.

"मग मोठी डिस्क घेत्यात कशाला लोक?" हा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर करूळ घाटात आहे.

ब्रेक वेगाची उष्णता करतो. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी ही गाडी थांबवायला सुमारे २.७ लाख जूल ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्यात एक लिटर पाणी २५ अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापेल. शिवाय जोरात ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते. जवळजवळ २०० किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर येतो, म्हणून थांबवण्याचं तीन चतुर्थांश काम पुढचे ब्रेक करतात. पुढची प्रत्येक डिस्क चार किलोची धरली, तर एका थांब्यात ती ५५ अंशांनी तापते. हे काहीच नाही.

आता गगनबावड्याहून करूळ घाटानं तळकोकणात उतरा. समजा उंची ५०० मीटरनं कमी झाली. ११०० किलो तेवढं खाली आणायचं म्हणजे ५४ लाख जूल, ८० च्या वेगातून २० वेळा थांबण्याइतकी ऊर्जा. ही सगळी ब्रेकवर टाकली आणि डिस्कला निवायला वेळच दिला नाही, तर कागदावरच्या हिशेबानं पुढच्या डिस्क ११०० अंशांनी तापायला हव्यात. शिरोलीच्या फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळतं ते याच्या आसपास! प्रत्यक्षात वारा डिस्कला निववतो आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन बराच भार उचलतं, म्हणून आपण सुखरूप वैभववाडीला पोचतो. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचवणारे महाभाग नेमकी ही इंजिनची मदत नाकारतात.

मोठ्या डिस्कचा खरा उपयोग इथं. चारऐवजी पाच किलो बीड असेल तर तेवढ्याच उष्णतेत तापमान पाचव्या हिश्शानं कमी चढतं. व्हेंटिलेटेड डिस्कमध्ये दोन चकत्यांच्या मधे पाती असतात. चाक फिरलं की ती पंख्यासारखी मधली हवा बाहेर फेकतात. डिस्क करड्या बिडाची करतात तीही उगाच नाही. त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंपनं विरतात, नाहीतर ब्रेक मारला की घंटा वाजल्यासारखी डिस्क किंचाळली असती. पण एक मेख आहे. फक्त पुढचे ब्रेक जबरदस्त केले की पुढची चाकं आधी अडतात आणि मागच्यांचा वाटा तसाच पडून राहतो. अशी गाडी थांबायला जास्त अंतरही घेऊ शकते.

घाटात ब्रेक दगा देतात तेव्हा बहुधा डिस्कचा दोष नसतो. एकतर डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून थांबवणाऱ्या पॅडमधली रेझिनं जळून वायू सुटतो आणि पॅड सरकायला लागतात, किंवा ब्रेक ऑइल उकळतं. नावाला ऑइल, पण हा ग्लायकोलवर आधारित द्रव, आणि तो हवेतली ओल पितो. डॉट-३ या प्रतीच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडा असताना २०५ अंश, ओल प्यायल्यावर १४०. डॉट-४ चा २३० आणि १५५. पेडलचा जोर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोचतो तो द्रव दाबला जात नाही म्हणून. नळीत वाफ झाली की पाय आधी वाफ दाबत बसतो आणि पेडल थेट फरशीला टेकतं. गगनबावड्याच्या पावसाळ्यात वावरणाऱ्या गाडीचं ऑइल पाच वर्षं बदललेलं नसणं, हे मला लहान डिस्कपेक्षा कितीतरी धोक्याचं वाटतं.

स्प्रिंगची गोष्ट आणखी मजेची. तिचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो. तार १२ ऐवजी १३ मिलिमीटरची केली की स्प्रिंग ३८ टक्के कडक. वेढे कमी केले तरी कडक होते, सहातला एक कापला तर २० टक्के. "मग कापूया की ओ!" भाचा उसळला. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. गाडी खाली आल्यानं शॉकअपची चाल संपत येते आणि प्रत्येक खड्ड्यात तो बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटतो. त्याहून वाईट म्हणजे मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या, गाडीत चाकाला धरणारा खालचा आर्म वर तिरपा होतो आणि वळणावर गाडी अपेक्षेपेक्षा जास्त कलू शकते. चाकांचे कोन बदलून टायर एका कडेनं झिजतात ते वेगळंच.

शॉकअप वजन पेलत नाही. स्प्रिंगनं साठवलेली ऊर्जा बारीक छिद्रांतून तेल ढकलून तो जिरवतो. तो मेलेला असेल तर खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारतं, आणि हवेतल्या चाकाला कसली पकड? आपल्या रस्त्यांवर नवे शॉकअप हाही ब्रेकमधला मोठा सुधार ठरावा.

म्हणून आम्ही मूळ मापाच्याच स्प्रिंगा ठेवल्या. शॉकअप, पॅड, रबरी नळ्या बदलल्या आणि डॉट-४ भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. काम घरी होण्यासारखं आहे, पण जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, गाडीला टेकू देणाऱ्या घोड्या लावायच्याच. कॅलिपर नळीवर लोंबकळत न ठेवता तारेनं बांधायचा. स्ट्रट उघडताना स्प्रिंग १५ सेंटिमीटर दाबलेली असेल तर तिच्यात २२५ जूल कोंडलेले असतात, म्हणजे २३ किलोचा दगड मीटरभर उंचीवरून पडण्याचा दणका. स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर चांगला नसेल तर तेवढं काम गॅरेजवाल्याकडून करून घ्यावं, मीही तेच केलं. नंतर अलाइनमेंट. आणि कुणाला आणखी पुढं जायचंच असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आधी वाचावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत, न थांबता, दहा-बारा वेळा ब्रेक मारून पॅड बसवले. मधे निवायला वेळ दिला. डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा पातळ करडा थर आला आणि पेडल घट्ट लागायला लागलं.

परत येईपर्यंत भाच्यानं लाल रंगाचा डबा विकत घेतला होता. कॅलिपरसाठी.