फुकट मिळणारा शोधनिबंध कच्चा असतो का?

"नेटवर फुकट वाचायला मिळतो तो शोधनिबंध कुणी तपासलेला नसतो", हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या शेजारच्या मुलीनं त्यापायी प्रकल्पातले चांगले संदर्भ गाळले, याचं मला फार वाईट वाटलं.

निबंध तपासतात त्या विषयातले जाणकार, तेही बहुतेकदा विनामोबदला. वाचकाकडून पैसे घ्यायचे की नाही, हा वेगळाच निर्णय. मुक्त, म्हणजे वाचकाला फुकट मिळणाऱ्या नियतकालिकाचा खर्च बहुतेकदा लेखकाची संस्था, विद्यापीठ किंवा ग्रंथालय उचलतं. बडोदा संस्थानात १९१० पासून फुकट वाचनालयं उभी राहिली. म्हणून तिथली पुस्तकं काही कमअस्सल ठरली नाहीत.

हो, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकंही आहेत. म्हणून पहिलं पान नीट बघा. '१०.'नं सुरू होणारा डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, नेटवर शोधून पाहा, तोच निबंध उघडला पाहिजे. एवढ्यानं तपासणी झाल्याचं सिद्ध होत नाही, म्हणून 'मिळाला' आणि 'स्वीकारला' या तारखाही वाचा. दोन्हींत दोनच दिवस असतील, तर सावध व्हा. संपादक मंडळातली नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर सापडतात का, तेही पाहा.

अडलात तर कॉलेजच्या ग्रंथपालांना मोबाइलवरच दाखवा. हे शिकवणं त्यांच्या कामातच येतं.