अपुऱ्या दिवसांचं बाळ, अर्ध्या वाटेवर

सातव्या महिन्यात डोहाळजेवण आणि मग पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी रवानगी, हा आपल्याकडचा ठरलेला बेत. आठवड्यांत मोजलं तर हा प्रवास साधारण अठ्ठाविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात पडतो. नेमक्या याच काळात कळा सुरू झाल्या तर बाळाचं काय होणार, हे वाटेत कुठे थांबायचं त्यावर बरंचसं ठरतं. ऊसतोडीला बीडहून पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या बाईसाठी तर हा प्रश्न दोन-चार तासांच्या प्रवासापुरताही नसतो. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, आणि तिचा दवाखाना गावी राहिलेला.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, म्हणजे दहातलं एक. ‘सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’ ही जुनी समजूत पार उलटी आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचाच असतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘एसटीच्या धक्क्यांनी झालं’ असं घरचे म्हणतात आणि ती बाई ते आयुष्यभर मनाला लावून घेते. सरळ चाललेल्या गरोदरपणात नेहमीच्या प्रवासाने कळा सुरू होतात, असा पुरावा नाही. लघवीच्या किंवा योनीमार्गाच्या जागेचा जंतुसंसर्ग, जुळी बाळं, आधीची अकाली प्रसूती, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं, वाढलेला रक्तदाब ही खरी कारणं, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. प्रवासाचा दोष असलाच तर तो आडवाटेने येतो: वाटेतली स्वच्छतागृहं अस्वच्छ म्हणून बायका पाणी पीत नाहीत आणि लघवी तुंबवून धरतात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, आणि शरीरातलं पाणी कमी झालं की गर्भाशय उगाच आवळायला लागतं.

उगाच आवळणं आणि खरी कळ यांत फरक कसा करायचा? डाव्या कुशीवर पडून दोन ग्लास पाणी प्यायल्यावर जे थांबतं, त्या खोट्या कळा. खरी कळ विश्रांतीला दाद देत नाही. पोट दगडासारखं कडक होतं, सैल पडतं, पुन्हा कडक होतं, आणि हे दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर येऊ लागतं. अपुऱ्या दिवसांत कळा पोटात जाणवतीलच असं नाही. लाटेसारखी येणारी-जाणारी कंबरदुखी, ओटीपोटात खाली दाब, रक्ताचा डाग किंवा पाणी जाणं यांपैकी एकही खूण पुरेशी आहे. पाणी थोडंथोडं झिरपतं तेव्हा लघवीच सुटली असं वाटून फसगत होते. घरी असाल आणि नुसतंच पोट आवळत असेल तर तासभर वाट पाहून ठरवता येईल. घाटात किंवा द्रुतगती मार्गावर असाल तर तो तास रुग्णालयाकडे जाण्यात घालवा.

पण कुठल्या रुग्णालयाकडे? नवजात बाळांच्या डॉक्टरांचं एक व्यवहारी गणित आहे: बाळाला हलवायची सगळ्यात चांगली ॲम्ब्युलन्स म्हणजे आईचं पोट. तिथे ऊब, प्राणवायू आणि साखर आपोआप पोहोचत असते. म्हणून कळा नुकत्याच सुरू झाल्या असतील आणि रस्ता तासाभराचा असेल, तर अतिदक्षता विभाग नसलेल्या जवळच्या प्रसूतिगृहात बाळंत होऊन मग बाळाला हलवण्यापेक्षा, बाळ पोटात असतानाच जिल्हा रुग्णालय गाठलेलं बरं. तिथे नवजात बाळांचा विशेष कक्ष असतो, एसएनसीयू. १०८ ला फोन करताना ‘किती आठवडे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. रेल्वेत असाल तर १३९ वर किंवा टीसीला सांगितलं की पुढच्या स्थानकावर डॉक्टर बोलावता येतो. कळा दोन-तीन मिनिटांवर आल्या असतील किंवा खाली जोर लावावासा वाटत असेल, तर मात्र हे गणित सोडा आणि दिसेल ते पहिलं आरोग्य केंद्र गाठा.

वेळेत पोहोचल्याचा मोठा फायदा म्हणजे पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला मिळणारं एक स्वस्त इंजेक्शन. फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांना आतून सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध थर असतो. तो नसेल तर श्वास सोडताना फुगे मिटतात आणि ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बाजू चिकटाव्यात तसे चिकटतात. प्रत्येक श्वास मग नवा फुगा फुगवण्याइतका जड. हा थर चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार व्हायला लागतो, पण पुरेसा होतो तो चौतीस-पस्तीसच्या आसपास.

पॅट्रिक केनेडी या बाळाचं हेच झालं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी उन्हाळ्यासाठी केप कॉडच्या किनाऱ्यावर मुक्कामाला होत्या. साडेपाच आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. हेलिकॉप्टरने जवळच्या ओटिस हवाई तळावरच्या रुग्णालयात नेऊन सिझेरियन केलं. बाळ सुमारे २.१ किलोचं, म्हणजे आज आपल्या जिल्हा रुग्णालयात कुणाला फारशी धास्ती वाटणार नाही अशा वजनाचं. त्याला श्वास पुरेना. बॉस्टनला हलवलं, जास्त दाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवलं, पण ३९ तासांत ते गेलं. सरफॅक्टंटची कमतरता हे या आजाराचं मूळ असल्याचं मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं, पण उपाय हाताशी नव्हता. तो न्यूझीलंडमधून आला. तिथले डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांमध्ये प्रसूती कशी सुरू होते ते तपासत होते. स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेली कोकरंही श्वास घेताना दिसली. १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर हॉवी यांनी गरोदर स्त्रियांना स्टेरॉइड देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आज २४ ते ३४ आठवड्यांत अकाली प्रसूतीची शक्यता दिसली की आईला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात: ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, एकूण चार डोस. पूर्ण परिणामाला साधारण २४ तास लागतात, म्हणून कळा लांबवणाऱ्या गोळ्या देऊन डॉक्टर एक-दोन दिवस मिळवायचा प्रयत्न करतात. वाटेतल्या केंद्रात पहिला डोस मिळाला असेल तर त्याची वेळ कागदावर लिहून घ्या. पुढचे डॉक्टर तेच आधी विचारतात. दुसरा प्रश्न तारखेचा. म्हणून प्रवासाच्या पिशवीत साडीच्या वर माता-बाल संरक्षण कार्ड आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी ठेवा. नंतरच्या सोनोग्राफीवरून काढलेले आठवडे दोन-तीनने चुकू शकतात.

आता गाडीतच बाळ आलं तर. गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, काचा वर. आईला कुशीवर किंवा अर्धवट बसतं करा. डोकं बाहेर येताना तळहाताचा हलका आधार द्या, ओढू नका. मानेभोवती नाळेचा वेढा दिसला आणि तो सैल असेल तर डोक्यावरून काढा. अपुऱ्या दिवसांची बाळं पायाळू असण्याची शक्यता जास्त असते: अठ्ठाविसाव्या आठवड्यात चारातलं एक बाळ तसं असतं, पूर्ण दिवसांत शंभरात तीन-चार. पाय किंवा कुल्ले आधी दिसले तर ओढण्याचा मोह सगळ्यात घातक, कारण डोकं आत अडकतं. बाळाआधी नाळ बाहेर आलेली दिसली तर आईला गुडघे आणि छातीवर ओणवी करा, कुल्ले वर, आणि त्याच स्थितीत गाडी पळवा.

जन्माची वेळ पाहून ठेवा आणि लगेच उबेकडे वळा. ओल्या बाळाच्या त्वचेचं तापमान मिनिटाला ०.३ अंशांपर्यंत आणि आतलं ०.१ अंशापर्यंत उतरू शकतं. नवजात बाळ कुडकुडत नाही. मानेमागे आणि खांद्यांच्या मध्ये असलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळवतं, आणि ही चरबी शेवटच्या तिमाहीतच साठते. बाळ गार पडलं की साखर झपाट्याने संपते, प्राणवायू जास्त लागतो, श्वास आणखी बिघडतो. तेव्हा ओढणीने, टॉवेलने पुसा, ओला कपडा फेकून द्या, डोक्याला टोपी घाला आणि बाळाला आईच्या उघड्या छातीवर पोटावर झोपवून दोघांवर मिळून पांघरूण घाला. तोंड एका बाजूला आणि मोकळं. गरम पाण्याच्या बाटल्या नकोत, बाळाची त्वचा भाजते.

आईच्या छातीवरची ही जागा नाइलाजाची नव्हे. कोलंबियातल्या बोगोटा इथे १९७८ मध्ये काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून एडगर रे सनाब्रिया यांनी ‘कांगारू’ पद्धत सुरू केली. भारतासह पाच देशांतल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर ठेवल्यावर मृत्यू पाव हिश्श्याने घटले. आईला धरणं जमत नसेल तर बापाची किंवा मावशीची छातीही तीच ऊब देते.

पुसतानाच बहुतेक बाळं रडतात. नाही रडलं तर पाठ चोळा, तळपायाला टिचक्या मारा. उलटं टांगून फटके मारायचे नाहीत. मिनिटभरात श्वास नाही, तर मान सरळ ठेवून (मागे फार वाकवू नका) बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडात घ्या आणि फक्त गालात मावेल इतकी हवा फुंका. छाती वर येताना दिसली पाहिजे. मिनिटाला चाळीसेक वेळा. हातपाय निळसर असणं दिवसभर चालतं, ओठ-जीभ निळी असणं चालत नाही.

नाळ कापायची घाई कशाला? रस्त्यात मिळालेलं ब्लेड धनुर्वात देऊ शकतं. नाळ न ओढता तशीच राहू द्या. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत त्यातून बाळाला रक्त मिळतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्याची गरज जास्त. वार आपोआप पडली तर पिशवीत घालून बाळाच्या पातळीत ठेवा आणि सोबत न्या. वार पडल्यावर आईचं पोट बेंबीखाली गोलाकार चोळत राहा, गर्भाशय कडक लागलं पाहिजे. रक्त थांबत नसेल तर आता आई जास्त धोक्यात आहे, हे ॲम्ब्युलन्सला स्पष्ट सांगा.

मध, गुटी, साखरेचं पाणी, बोंडल्याने दूध यांतलं काहीही वाटेत नको. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याला बसतो. त्याआधी पाजलेलं दूध फुप्फुसात जाऊ शकतं. बाळ चोखत असेल तर अंगावर लावा, नसेल तर चीक रुग्णालयात नळीने देतील.

कागदपत्रांची एक गोष्ट राहिली. चालत्या वाहनात जन्म झाला तर त्याची खबर गाडी पहिल्यांदा जिथे थांबते तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे द्यायची असते, गाडी चालवणाऱ्याने किंवा तिचा ताबा असलेल्याने, आणि २१ दिवसांत. म्हणून बाळ कुठल्या मैलाच्या दगडाजवळ आलं यासोबत गाडी पुढे कुठे थांबली तेही लिहून ठेवा.